माशी आणि मासा

मासा धरायला काय लागते? आमच्या कोकणात या प्रश्नाचे उत्तर मुलाला शाळेत जाण्याआधीच येते. एक बांबूची काठी, दोन-चार वाव तंगूस, एक गरी आणि परसातल्या ओल्या मातीतली चार गांडुळे. एवढे घेऊन खाडीच्या काठी गरवायला बसले, की संध्याकाळपर्यंत घरी कालवणापुरते काहीतरी येतेच. आणि नाही आले तर वडिलांचे दोन धपाटे तरी येतात! माझे सारे बालपण या विद्येत गेले. त्यामुळे मासेमारीतले आपल्याला सगळे कळते, अशी एक गोड समजूत मी साठी उलटेपर्यंत बाळगून होतो.

या समजुतीला पहिला धक्का दिला तो एका स्नेह्याने. हिमाचलात तीर्थन नावाच्या नदीवर तो दोन वर्षे जाऊन आला होता. तो म्हणाला, "तिथं गांडूळ नाही, कणीक नाही, काही नाही. कोंबड्याचं पीस गळाला गुंडाळायचं, त्याची माशी करायची आणि त्या माशीनं मासा धरायचा."

"मासा काय आंधळा आहे?" मी विचारले.

"तुझ्या-माझ्यापेक्षा शंभरपट डोळस आहे. तीच तर गंमत!"

झाले. २०१९ च्या मार्च महिन्यात मी निघालो. सौभाग्यवतीने डबा भरून देता देता एवढेच विचारले, "एका माशासाठी कुलूपर्यंत? आपल्या बाजारात पापलेट काय संपलं?" या प्रश्नाला त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ज्या माशासाठी हा खटाटोप, तो ट्राउट मुळात आपला नव्हेच. इंग्रज जिथे जिथे गेला तिथे तिथे त्याने क्रिकेट नेले, चहाची किटली नेली, तसाच हा मासाही नेला. आपल्याकडे त्याचे पहिले बस्तान बसले काश्मीरात. बेडफर्डच्या ड्यूकने काश्मीर दरबारला ट्राउटची अंडी भेट म्हणून पाठवली ती १८९९ साली. ती वाटेतच नासली. दुसरी खेप १९०० साली स्कॉटलंडहून निघाली आणि जिवंत पोचली. कल्पना करा, ओल्या शेवाळात बसवलेली, वाटाण्याहूनही लहान अशी ती अंडी, वरून बर्फ, बोटीतून तांबड्या समुद्राचा उकाडा ओलांडायचा, मग आगगाडी, मग घोड्याची नाहीतर हमालाची पाठ! श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ होते. गालिचे विणवता विणवता त्यांनी ही पिल्ले पोटच्या पोरासारखी वाढवली, आणि श्रीनगरजवळच्या हारवनला त्यांची पैदास सुरू झाली. पुढे १९०९ साली कुलूचे असिस्टंट कमिशनर हॉवेल यांनी काश्मीरातून अंडी आणवून महिली या गावी उबवणी केंद्र काढले, आणि बियास व तिच्या उपनद्यांत हा पाहुणा शिरला. तीर्थनही त्यांतलीच एक.

इथे कुणी विचारील, आपल्या महाबळेश्वरला साहेबाने एवढे बंगले बांधले, मग वेण्णेत ट्राउट का सोडला नाही? कारण सोपे आहे. हा मासा थंडीचा जीव. पाणी २० अंशांच्या वर तापले की त्याची भूक मरते, आणि २५ च्या आसपास त्याच्या जिवावरच बेतते. शिवाय त्याला वाहते, फेसाळते, प्राणवायूने भरलेले पाणी हवे. आपल्या सह्याद्रीच्या नद्या चैत्र-वैशाखात डबकी होऊन पडतात. तिथे तो आठवडाभरही टिकायचा नाही. दक्षिणेत निलगिरीवर मात्र, दोन हजार मीटरांच्या उंचीला, चाळीसेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर विसाव्या शतकाच्या आरंभी तो रुजला. त्यासाठी तेवढी उंची आणि बारमाही गार पाणी लागले.

दिल्लीहून मनालीकडे जाणारी रात्रीची बस औटच्या बोगद्याच्या अलीकडे पहाटे सोडून देते. तिथून लारजी, तिथून बंजार, आणि बंजारहून पुढे दहा किलोमीटरवर गुशैणी. वाटेत सगळीकडे अलूबुखार आणि आडू फुललेले. झाडाला पान एक नाही आणि फांदी फांदी पांढऱ्या-गुलाबी फुलांनी माखलेली. वरच्या उतारांवर बुरांसाची लाल फुले. त्याच्याही वर देवदार, आणि त्यांच्या माथ्यावर बर्फ. आणि या सगळ्याच्या तळाशी, रस्त्याला लगटून, तीर्थन.

नदी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घाट येतो, पाण्याला उतरायच्या पायऱ्या येतात. ही नदी तशी नव्हे. घराएवढ्या धोंड्यांतून ती उड्या मारीत येते, मधेच एखाद्या डोहात श्वास घेते, आणि पुन्हा निघते. पाणी इतके नितळ की दोन पुरुष खोलीवरचा गोटा हाताने उचलावासा वाटतो. मी हात घातला आणि मनगटापर्यंत बधिर होऊन चटकन बाहेर काढला. हे पाणी हंसकुंडाहून येते. ते तीर्थ मानलेले आहे, त्यावरूनच नदीचे नाव. उगमाकडचा सारा मुलूख ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये आहे. २०१४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला.

माझे गुरू ठरलेले होते. सत्तरी गाठलेले, काटक, डोक्याला कुलूची टोपी. सगळा गाव त्यांना चाचाजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला बाबूजी म्हणत. त्यांच्या पहाडी वळणाच्या हिंदीतला गोडवा मराठीत आणणे मला साधणार नाही, पण अर्थ सांगतो.

पहिल्या सकाळी त्यांनी आधी माझा परवाना पाहिला. ट्राउटच्या पाण्यात मत्स्यखात्याच्या परवान्यावाचून गळ टाकता येत नाही, दिवसाला किती मासे ठेवायचे त्यालाही हद्द आहे, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तर मासेमारी पुरती बंद. कारण हिवाळा हा ट्राउटचा विणीचा काळ. मादी शेपटीने वाळू-खड्यांत खळगा उकरते, त्यात अंडी घालते आणि वरून खडे लोटते. गार पाण्यात ती अंडी महिनोन् महिने पडून राहतात. मार्च उजाडला की नदी खुली होते. "मार्चमधला मासा भुकेला असतो आणि पाणी नितळ असतं," चाचाजी म्हणाले. "पुढं ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं, पाणी वाढतं, गढूळ होतं. हे चार आठवडेच खरे."

"मग मिळेल ना?"

"भुकेला असतो म्हणालो बाबूजी, मूर्ख असतो असं नाही म्हणालो."

त्यांनी डबी उघडली. तिच्यात ओळीने शेपन्नास माश्या बसल्या होत्या. कुणाला कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे कल्ले, कुणाच्या पाठीवर मोराच्या पिसाचा एक धागा, कुणाच्या कमरेला तांब्याची तार. एकेक गव्हाच्या दाण्याएवढी, आणि तिच्या पोटात लपलेला गळ. ही कल्पना आजची नव्हे. मॅसिडोनियातले कोळी गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून ठिपक्यांचे मासे धरतात, असे ईलियन नावाच्या रोमन लेखकाने इसवी सन २०० च्या सुमारास लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्या काळी आपल्याकडे सातवाहन राज्य करीत होते, त्या काळीही कुणीतरी असाच पीस गुंडाळीत बसला होता!

आता ही माशी फेकायची कशी? गरवताना आपण शिशाचे वजन बांधतो, ते भिरकावले की दोरी त्याच्या मागे जाते. इथे माशीला वजनच नाही. फुंकर मारली तर उडेल. म्हणून इथे वजन असते ते दोरीला. जाड, गुळगुळीत, चाबकासारखी दोरी. तिच्या टोकाला बारीक नायलॉनचा जवळजवळ न दिसणारा धागा, आणि त्या धाग्याला माशी. काठी मागे न्यायची, दोरी मागे हवेत पुरती सरळ होऊ द्यायची, आणि मग पुढे आणायची. घड्याळाचा काटा दहापासून एकापर्यंत जावा आणि परत दहावर यावा, एवढीच हालचाल. सगळे कसब मधल्या त्या थांबण्यात आहे. जो थांबत नाही त्याची दोरी चाबकासारखी वाजते आणि माशी तुटून जाते.

मी थांबत नव्हतो. पहिल्या तासात तीन माश्या तुटल्या. चौथी मागच्या झाडात अडकली, पाचवी माझ्या टोपीत. सहावी चाचाजींच्या कोटाच्या बाहीत रुतली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाबूजी, आज मासा सुरक्षित आहे. मीच तेवढा नाही."

दुपारपर्यंत दोरी जरा सरळ पडू लागली. पण मासा? नाव नको. मी डोहाच्या काठी उभा राहून मोठ्या दिमाखात दोरी फेकीत होतो. चाचाजी मागच्या धोंड्यावर बसून बिडी ओढीत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "तुम्ही कुठं उभे आहात?"

"काठावर."

"मासा कुठं बघतो?"

मला कुठे ठाऊक! मग त्यांनी मला खाली बसवले आणि जे सांगितले, ते कोकणात जन्म काढूनही मला कुणी सांगितले नव्हते. वाहत्या पाण्यात मासा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून असतो. अन्न वरून वाहत येते, त्याला नुसते तोंड उघडायचे असते. म्हणजे जो वरच्या अंगाने येईल तो त्याच्या डोळ्यांसमोर येणार, खालच्या अंगाने येईल तो पाठीमागून. मी सकाळपासून वरून खाली येत होतो. नाटकगृहात रंगमंचावरून शिरण्याचा हा प्रकार!

घरी आल्यावर मी शास्त्राच्या पुस्तकात पाहिले. चाचाजींचे म्हणणे तिथेही होते, फक्त अंशांत मांडलेले. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो. त्यामुळे माशाला वरचे सारे जग एका गोल खिडकीतून दिसते. त्याच्या डोळ्यापासून वर पसरत गेलेला सुमारे ९७ अंशांचा तो शंकू असतो. खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो, आणि त्यात नदीचा तळच उलटा दिसतो. किनाऱ्यावर उभा असलेला माणूस त्या खिडकीच्या कडेला, जरा चपटा पण स्पष्ट दिसतो. तोच माणूस वाकून, गुडघ्यांवर रांगत गेला तर दिसेनासा होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी हा साठीचा गृहस्थ रबरी विजार चढवून, गोट्यांवरून रांगत, नदीच्या उलट्या दिशेने निघाला. रस्त्यावरून शाळेला जाणारी पोरे हा तमाशा बघायला कठड्यावर ओळीने बसली होती. त्यांच्या हसण्याचा मला राग आला नाही. त्यांच्या वयाचा असतो तर मीही तेच केले असते.

त्या दिवशीही काही मिळाले नाही. एकदा मात्र माशीच्या शेजारी पाण्यात पितळेसारखे काहीतरी वळले आणि खाली गेले. माझ्या छातीत धस्स झाले. चाचाजी म्हणाले, "आला होता. बघून गेला. तुमची माशी वाहत नव्हती, घसरत होती." दोरीला प्रवाहाची ओढ बसली की माशी खऱ्या किड्यासारखी तरंगत न जाता ओढल्यासारखी सरकते. खरा किडा कुणी दोरीने ओढीत नाही, आणि ट्राउटला हा फरक कळतो.

तिसरा दिवस परवान्याचा शेवटचा. सकाळी मी काठी जोडायला घेतली तर चाचाजींनी ती काढून धोंड्याला टेकवून ठेवली. "आधी नदी वाचू," ते म्हणाले. ते वाकले आणि पाण्यातला एक गोटा उचलून त्यांनी उलटा केला. गोट्याच्या पोटाला चपटे, तपकिरी, तीन शेपट्यांचे किडे चिकटले होते, एकेक नखाएवढा. दुसऱ्या गोट्याला वाळूच्या कणांची नळी विणून तिच्यात दडून बसलेली अळी होती. मी बाहेरून ज्याला नुसते पाणी समजत होतो, त्यात ही सारी वस्ती नांदत होती.

ते तीन शेपट्यांचे किडे म्हणजे मेफ्लायची पिल्ले. हा जीव कितीतरी महिने, कधी वर्षभरही, गोट्याखाली काढतो. मग वसंतातल्या एखाद्या दुपारी तो वर येतो, पाण्याच्या पाठीवर आपली कातडी फोडतो, पंख उभारतो आणि उडतो. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा हा एकच कीटक. आणि पंख फुटलेल्या मेफ्लायला धड तोंडच नसते! खायचे-प्यायचे दिवस पाण्याखाली सरले. आता एक-दोन दिवसांत जोडीदार गाठायचा, अंडी घालायची आणि मरायचे. ट्राउट या दुपारची हिवाळाभर वाट बघत असतो.

"किती वाजता येतात?" मी विचारले.

चाचाजींनी समोरच्या डोंगराकडे बोट केले. "ऊन त्या धोंड्यावर येऊ द्या."

आम्ही बसून राहिलो. शिदोरीला चाचींनी सिड्डू दिले होते. गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचा, आत सारण भरून वाफवलेला हा प्रकार तुपात बुडवून खातात. आपल्या मोदकाचा हा पहाडी चुलतभाऊच म्हणायचा. समोर एक तपकिरी पक्षी धोंड्यावर शेपूट हलवीत होता. बघता बघता तो चालत पाण्यात शिरला, तळाशी किडे वेचीत फिरला, आणि पलीकडच्या बाजूने कोरडा ठणठणीत बाहेर आला. त्याला डिपर म्हणतात. तोही गोट्याखालच्या त्याच वस्तीवर जगतो.

बाराच्या सुमारास ऊन धोंड्यावर आले. काही वेळ काहीच झाले नाही. मग पाण्यावर एक करडे शीड दिसले. नखाएवढे. मग दुसरे. मग दहा. इवल्या होड्यांचा ताफा प्रवाहातून खाली येत होता, आणि धोंड्याच्या खालच्या अंगाला, जिथे वेगाचे पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासत होते, तिथे एकेक होडी टिप्प करून नाहीशी होत होती. मागे उरत होते ते फक्त एक वलय.

चाचाजींनी डबीतून एक करडी माशी काढून माझ्या दोरीला बांधली, आणि तोंडाने नाही, हाताने खूण केली. मी रांगत गेलो. गुडघ्यांखाली गोटे, कमरेपर्यंत हिमालय. दोरी मागे टाकली. थांबलो. पुढे आणली. माशी धोंड्याच्या वर हातभर अंतरावर पडली आणि त्या खऱ्या होड्यांत मिसळून वाहत आली. क्षणभर माझी मलाच ओळखू येईना.

टिप्प.

काठी वाकली, आणि रिळाने जो आवाज केला तो मी अजून कधी कधी झोपेत ऐकतो. मासा आधी वर गेला, मग एकदम खाली. एकदा तो पाण्याबाहेर पुरता उसळला, आणि उन्हात त्याचे अंग लोण्यासारखे पिवळे दिसले. आमच्या खाडीतला शिरस्ता एकच: लागला की ओढ! हात जुन्या सवयीने वागला. मी ओढले. धागा तुटला.

मी तसाच उभा राहिलो. चाचाजी काही बोलले नाहीत. जरा वेळाने त्यांनी पाण्याकडे बोट केले. वलये अजून उठत होती.

दुसरा मासा अर्ध्या तासाने लागला. पहिल्याहून पुष्कळ लहान होता. या वेळी त्याला जायचे तिथे जाऊ दिले, तो थकला तेव्हा जवळ आणला, आणि चाचाजींनी खालून जाळी धरली. असेल पाऊण किलोचा. तपकिरी पाठ, पिवळे पोट, आणि कुशीवर काळे-तांबडे ठिपके. प्रत्येक तांबड्या ठिपक्याभोवती फिकट कडे, जणू कुणी कुंकू लावून भोवती चंदन रेखले आहे. मी हात पुढे केला, तर चाचाजी ओरडले, "हात भिजवा आधी!" माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे कवच. कोरड्या हाताने तो निघाला की बुरशी लागते, आणि सोडलेला मासाही मागाहून मरतो.

"ठेवायचा की सोडायचा?" त्यांनी विचारले. परवाना होता. हक्क होता. तीन दिवसांची उपासमार होती. मी म्हटले, "ठेवू." या मजकुरात मी मासा सोडून दिला असे लिहिले असते तर वाचकांना अधिक आवडले असते, हे मला कळते. पण आम्ही तो खाल्ला. चाचींनी मोहरीच्या तेलात, हळद-मीठ लावून चुलीवर तळला. चव? सुरमईला सर नाही, असे माझे कोकणी मत आहे; पण पाणी थंड, मासा ताजा, आणि भूक खरी. त्यानंतर लागलेले दोन मात्र मी सोडले. प्रवाहाकडे तोंड करून हातात धरले, आणि कल्ले पुन्हा नीट चालू लागल्यावर ते आपणहून हातातून गेले.

त्या रात्री चुलीपाशी बसून चाचाजी नदीविषयी बोलले. या शतकाच्या सुरुवातीला तीर्थनवर आणि तिच्या ओढ्यांवर छोट्या-छोट्या वीजप्रकल्पांचे घाटत होते. पाणी बोगद्यात घालायचे, मैल-दोन मैल खाली यंत्रावर सोडायचे. मधली नदी कोरडी. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब यांनी त्याविरुद्ध दंड थोपटले, गावे उभी राहिली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि तीर्थन वाचली. आणि वाचवताना पुढे केलेला एक मोठा मुद्दा कोणता? हाच ट्राउट! साहेबाने शिकारीच्या हौसेसाठी आणलेल्या माशाने, साहेब गेल्यावर अर्धशतकाने, नदीची साक्ष दिली.

"सैंज बघून या जाताना," चाचाजी म्हणाले. सैंज ही शेजारच्या खोऱ्यातली नदी, तीर्थनची जणू धाकटी बहीण. तिच्या पाण्यावर मात्र वीजघरे उभी आहेत. चाचाजी वीजघरांच्या नावाने बोटे मोडीत नव्हते. त्यांच्या घरातला दिवा त्याच विजेवर जळत होता, आणि त्यांचा पुतण्या लारजीच्या प्रकल्पावर नोकरीला होता. "वीज पाहिजेच. पण सगळ्या मुलींना एकाच घरी द्यायचं नसतं," एवढेच ते म्हणाले.

मी त्यांना उलट विचारले, कारण हा प्रश्न मला बोचत होता. ट्राउट येण्याआधी इथे काय होते? "असला," ते म्हणाले. तो इथला मूळचा मासा. खालच्या बाजूला तोंड असलेला, धोंड्यांवरचे शेवाळ खरवडून खाणारा. त्यांच्या लहानपणी तो पुष्कळ होता. आता शोधावा लागतो. शास्त्रज्ञांनी त्याला धोक्यात आलेल्या जातींत घातले आहे. त्याची कारणे अनेक आहेत. धरणे आहेत, जाळी आहेत, डोहात सुरुंग उडवणारे लोक आहेत. आणि त्याची पिल्ले खाणारा, त्याच्या जागा बळकावणारा ट्राउटही आहे. पाहुणा घराची राखण करतो हे खरे, पण घरधन्याच्या ताटातले खातो हेही खरे. चाचाजी निखाऱ्यांकडे बघत होते. "माझा बाप असला धरायचा," ते म्हणाले. "मी ट्राउट धरतो. नातू तर मासाच धरत नाही, पाहुण्यांना खोल्या देतो."

परतताना लारजीला बस जरा थांबली. वरून तीर्थन येते, सैंज येते, आणि बियासला मिळतात. तिथे धरणाचे हिरवे पाणी उभे होते. त्याला ना आवाज, ना फेस. तीन दिवस कानात घुमणारी नदी एकाएकी बंद झाल्यासारखे वाटले.

घरी आल्यावर सौभाग्यवतीने माझी टोपी धुवायला घेतली आणि बोट टोचून घेतले. पहिल्या दिवशीची पाचवी माशी तिच्यात होती. तिने ती काढली, चष्मा लावून उजेडात धरली आणि म्हणाली, "हे कुणी केलंय? बारीक काम आहे हो!" पापलेटाचा प्रश्न पुन्हा निघाला नाही. माशी सध्या देवघराशेजारच्या कॅलेंडरात टोचलेली आहे.

२०२३ च्या जुलैत बियासच्या खोऱ्यात प्रचंड पूर आला, सैंजकडे तर फार नुकसान झाले. फोन लागायला बरेच दिवस गेले. शेवटी एका संध्याकाळी चाचाजींचा आवाज आला. घर ठीक होते, माणसे ठीक होती, खालचे शेत गेले होते. मी जरा भीतभीतच डोहाचे विचारले.

"तो धोंडा गेला, बाबूजी. डोहही गेला. नदी पलीकडच्या अंगानं वाहते आता."

"आणि मासे?"

"आहेत ना."

"कुठं?"

पलीकडे काडी ओढल्याचा आवाज झाला. बिडी पेटवली असावी. "ते मी कसं सांगू? मार्चमध्ये या आणि गोटे उलटे करून बघा."